कष्टकरी वस्तीतली जुनी भाड्याची इमारत घेताना

शहराच्या महागड्या भागातल्या नव्या फ्लॅटचं भाडं किमतीच्या मानाने किरकोळ असतं. कारखाने, गोदामं, बाजारपेठा यांच्या आसपासच्या जुन्या वस्तीत मात्र तेच प्रमाण कितीतरी जास्त दिसतं. ते पाहून पहिल्यांदाच पैसे गुंतवणाऱ्याला वाटतं की बाजाराचं इकडे लक्ष गेलेलं नाही. लक्ष केव्हाच गेलेलं असतं. तो जास्तीचा परतावा बहुतांशी मजुरी असते: गळक्या छपराची, रात्री अकराला येणाऱ्या फोनची, गुंतागुंतीच्या कागदपत्रांची आणि विकायला गेल्यावर गिऱ्हाईक लवकर न मिळण्याची. ही कामं स्वतः करायची तयारी हवी, नाहीतर दुसऱ्याला पैसे देऊन करून घेतल्यावरही हिशोब जमायला हवा. दोन्हीपैकी एकही शक्य नसेल तर हा व्यवहार सोडून दिलेला बरा.

आधी वस्ती बघा

वस्तीबद्दल पहिला प्रश्न असा विचारायचा की इथले लोक पगार कुठून आणतात. सगळी वस्ती एकाच मोठ्या कारखान्यावर जगत असेल तर तुमचं भाडंही त्याच कारखान्यावर अवलंबून आहे. तो बंद पडला की एकाच महिन्यात निम्म्या खोल्या रिकाम्या होऊ शकतात. रुग्णालय, बाजार, वाहतूक, बांधकाम, घरकाम अशी दहा ठिकाणची कमाई येणारी वस्ती दिसायला कितीही साधी असली तरी जास्त भक्कम. कामावर जायला बस किंवा रेल्वे पायी अंतरावर आहे का, हेही बघा. गाडी नसलेल्या भाडेकरूसाठी नव्या फरशीपेक्षा ते महत्त्वाचं असतं.

इमारतीला एकदाच, तेही दलालाने ठरवलेल्या वेळी, भेट देऊन भागत नाही. रात्री उशिरा जा, कामाच्या दिवशी सकाळी जा आणि जमलं तर धो-धो पाऊस पडून गेल्यावर लगेच जा. पावसानंतरची फेरी सगळ्यात मोलाची, कारण त्या दिवशी रस्त्यावर पाणी किती तुंबतं, तळमजल्याच्या उंबऱ्यापर्यंत येतं का आणि छताला डाग कुठे फुटतात हे सगळं आपोआप दिसतं. शेजारच्या इमारतींपैकी किती रिकाम्या आहेत ते मोजा. पालिकेच्या विकास आराखड्यात रस्तारुंदी किंवा आरक्षण आहे का, तेही पाहून घ्या.

एक इशारा. ‘ही वस्ती आता वर येणार आहे’ हे वाक्य विकणाऱ्याच्या तोंडी हमखास असतं. वर येईलही. पण आजच्या भाड्यात जो व्यवहार बसत नाही, तो उद्याच्या मेट्रोच्या भरवशावर करू नये. वस्ती बदलली तर तो वरकड नफा समजायचा.

भाडं खरोखर किती येतं

मालक तुमच्या हातात एक यादी ठेवेल: कोणती खोली, कोण राहतं, भाडं किती. या यादीवर विश्वास ठेवायचा नाही. गेल्या किमान बारा महिन्यांची बँकेची खातेउतारे मागा आणि यादीतला एकेक आकडा प्रत्यक्ष जमेशी ताडून बघा. भाडं रोखीने येतं असं सांगितलं तर पावतीपुस्तक आणि आयकराचं विवरण मागा. ज्या उत्पन्नावर कर भरलेला नाही, त्याची किंमत तुम्ही का द्यायची?

त्यानंतर प्रत्येक भाडेकरूकडून सही केलेला छोटा कबुलीकागद घ्या. भाडं किती, अनामत किती, करार कधीपर्यंत, किती महिने थकलंय, मालकाने कोणती दुरुस्ती कबूल केली आहे आणि करारात नसलेली एखादी तोंडी सवलत आहे का, एवढंच त्यात हवं. अमेरिकेत मोठ्या व्यवहारांत ही रीत रुळलेली आहे, पण ती कुठेही करता येते. विकणारा यासाठी खळखळ करू लागला तर त्याचं कारण सहसा थकबाकीत किंवा अनामतीत दडलेलं असतं. अनामतीच्या रकमा खरेदीच्या दिवशी तुमच्याकडे वळत्या झाल्याच पाहिजेत. नाहीतर भाडेकरू जाताना त्या तुमच्या खिशातून द्याव्या लागतील.

जुन्या इमारतींत पोटमाळा, तळघर, जिन्याखालची जागा किंवा गच्चीवरची पत्र्याची खोली परवानगीशिवाय भाड्याने दिलेली असते. हिशोबात अशा जागांचं भाडं शून्य धरा. एका तक्रारीवर ते बंद होऊ शकतं, आणि तिथे आग लागली तर विमा कंपनी हात वर करेल.

हिशोब: १२ चे सव्वाचार कसे होतात

सोयीसाठी इमारतीची किंमत १०० धरू आणि वर्षाचं भाडं १२. जाहिरातीत लिहितील, ‘परतावा १२ टक्के’. हे आकडे फक्त उदाहरणापुरते आहेत; तुमचे आकडे वेगळे असतील, पण क्रम हाच राहील.

वर्षातला एक महिना रिकामा किंवा बुडीत धरला तर हातात ११ येतात. त्यातून मालमत्ता कर आणि विमा १.३, किरकोळ दुरुस्ती १.४, छप्पर-नळ-वायरिंग अशा मोठ्या कामांसाठी बाजूला काढायचे १.५, व्यवस्थापन १.१, जिन्यातले दिवे, पाण्याचा पंप आणि झाडलोट मिळून ०.५. एकूण खर्च ५.८. उरले ५.२. अमेरिकी गुंतवणूकदारांचा एक ठोकताळा आहे की कर्जाचा हप्ता सोडून भाड्याचा निम्मा भाग खर्चात जातो. आपलं उदाहरण त्याच्या आसपासच आलं.

आता गुंतवणूक १०० नाही. खरेदीचे मुद्रांक, नोंदणी, वकील, दलाली मिळून ६ आणि घेतल्याबरोबर करावी लागणारी दुरुस्ती १४, म्हणजे एकूण १२०. ५.२ भागिले १२० म्हणजे सुमारे ४.३ टक्के. कर्जाचा दर यापेक्षा जास्त असेल तर उसन्या पैशावर तुम्ही दर वर्षी तोटा खाताय.

म्हणून हिशोब उलट्या बाजूने करायचा. मला ७ टक्के हवेत, तर ५.२ भागिले ०.०७ म्हणजे ७४ च्या थोडं वर. त्यातून दुरुस्तीचे १४ वजा केले की राहिले ६० च्या आसपास, आणि खरेदीखर्च काढून माझी बोली होते साधारण ५७. मागणी १०० ची आणि बोली ५७ ची, म्हणजे बहुतेक वेळा व्यवहार होणारच नाही. त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही. या धंद्यात बरेच हिशोब ‘नको’ म्हणण्यासाठीच केले जातात.

या हिशोबातली सगळ्यात फसवी ओळ मोठ्या कामांची. ‘भाड्याच्या पाच-दहा टक्के बाजूला काढा’ असा सल्ला सगळीकडे ऐकायला मिळतो आणि तो स्वस्त जुन्या इमारतींसाठी धोकादायक आहे. छपराचा खर्च चौरसफुटांवर ठरतो, भाड्यावर नाही. महागड्या भागातल्या आणि कष्टकरी वस्तीतल्या सारख्याच आकाराच्या दोन छपरांना जवळपास तितकेच पैसे लागतात, भाडं मात्र एकीकडे दुसरीच्या तिप्पट असतं. त्यामुळे टक्क्यांत विचार करणं सोडा आणि यादी करा: छप्पर किंवा गच्चीचं जलरोधन, पाण्याच्या टाक्या, नळ, सांडपाण्याचे पाइप, वायरिंग, पंप, खिडक्या, बाहेरचा रंग. प्रत्येकासमोर आजचा बदलखर्च, उरलेलं अंदाजे आयुष्य आणि भागाकार. ही बेरीज म्हणजे दर वर्षी बाजूला पडायलाच हवी अशी रक्कम. ज्याचं आयुष्य शून्य उरलंय ते त्या यादीत राहत नाही, सरळ खरेदीच्या किमतीतून वजा होतं.

स्वतः सांभाळणार असाल तरी व्यवस्थापनाचे पैसे हिशोबात धराच. नाहीतर तुमची फुकट मजुरी इमारतीचा नफा म्हणून दिसते.

इमारत बघताना पाण्याच्या मागे जा

बांधकाम अभियंत्याला पैसे देऊन तपासणी करून घ्या. पण त्याआधी स्वतः एक फेरी मारा, म्हणजे त्याला काय विचारायचं ते कळेल. जुन्या इमारतीचे बहुतेक आजार पाण्यातून येतात, म्हणून वरून खाली या. गच्चीचा उतार, पन्हळी, टाकीची गळती, मग वरच्या मजल्याची छतं, न्हाणीघरांच्या मागच्या भिंती आणि शेवटी जोतं. छताचा एकच कोपरा नव्याने रंगवलेला असेल तर तिथे थांबा. तळमजल्याच्या भिंतीला साधारण मीटरभर उंचीपर्यंत लोणा लागलेला दिसला आणि वर भिंत कोरडी असेल, तर ओल जमिनीतून चढते आहे. तीच ओल वरून खाली उतरताना दिसली तर दोष पाइपात किंवा छतात. दोन्हींचे उपाय आणि खर्च पूर्ण वेगळे आहेत.

काँक्रीटची इमारत असेल तर हातोडीने छत आणि खांब हलकेच वाजवून बघा. पोकळ आवाज आला, पोपडे सुटलेले दिसले किंवा गंजाचे तपकिरी ओघळ आले असतील तर आतल्या सळया गंजल्या आहेत. ताज्या काँक्रीटचा अल्कधर्मी गुण सळईला गंजू देत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड दशकानुदशकं आत झिरपत गेला की तो गुण नाहीसा होतो. गंज मूळ लोखंडाच्या कितीतरी पट जागा व्यापतो आणि वरचं आवरण फोडतो. अशा ठिकाणी वरून सिमेंटचा गिलावा थापणं म्हणजे लपवाछपवी. सळई साफ करून, गरज तिथे नवी जोडून केलेली दुरुस्ती महाग असते आणि तिचा आकडा अभियंत्याकडूनच घ्यावा.

चुन्यात बांधलेल्या विटांच्या भिंतींची गोष्ट वेगळी. चुना मऊ असतो आणि भिंतीतली ओल बाहेर जाऊ देतो. कुणी ‘मजबुतीसाठी’ विटांच्या दरजा सिमेंटने भरल्या असतील तर ओल आत अडकते आणि विटांचे तोंडच सोलून निघायला लागते. अशी भिंत चुन्यानेच दुरुस्त करायची, आणि ते काम जाणणारा गवंडी शोधायला वेळ लागतो. लाकडी तुळया असतील तर त्यांची भिंतीत शिरणारी टोकं स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा. मधला भाग ठणठणीत असतो, कुजतं आणि वाळवी लागते ती टोकांना.

भेगांना सरसकट घाबरू नका. ब्रिटनमध्ये प्रचलित असलेल्या वर्गीकरणात साधारण ५ मिलिमीटरपर्यंतच्या भेगा बहुधा वरवरच्या मानल्या जातात. रुंदीपेक्षा भेग वाढते आहे का हे जास्त महत्त्वाचं. भेगेच्या टोकांशी पेन्सिलने खूण करून तारीख लिहा आणि काही आठवड्यांनी परत बघा. दाराच्या कोपऱ्यातून तिरकी चढत जाणारी आणि एका टोकाला रुंद होणारी भेग मात्र पाया खचल्याची असू शकते.

नळ तपासण्याची युक्ती सोपी आहे: सगळ्यात वरच्या मजल्यावरचे सगळे नळ एकदम सोडा. जस्ताचा मुलामा दिलेले जुने लोखंडी पाइप आतून गंजून अरुंद होत जातात, आणि पाण्याची धार बारीक झाली की ते लगेच कळतं. जमिनीखालच्या सांडपाण्याच्या पाइपात कॅमेरा घालून बघण्याचे पैसे वाचवू नका. जुन्या मातीच्या पाइपांच्या सांध्यांतून झाडांची मुळं शिरलेली असतात आणि ते खोदकाम एका वर्षाचं उत्पन्न खाऊ शकतं.

वायरिंग ज्या काळात झालं त्या काळात एका खोलीत दोन-तीन दिवे आणि एक पंखा एवढाच भार होता. आज तिथे फ्रीज, गीझर, इस्त्री आणि एसीही चालतो. अर्थिंग आहे का, मुख्य स्विचची क्षमता किती, फ्यूजमध्ये जाड तार गुंडाळली आहे का हे बघा. अमेरिकेत साधारण १९६५ ते १९७३ दरम्यान घरांत अ‍ॅल्युमिनियमच्या तारा वापरल्या गेल्या आणि त्यांचे सांधे तापून आगी लागल्याचा अनुभव आहे. तार कसलीही असली तरी प्रत्येक घराला ३० मिलिअँपिअरचा गळतीरोधक स्विच (वीज गळू लागली की पुरवठा आपोआप तोडणारा) बसवणं हा सगळ्यात कमी पैशांत जीव वाचवणारा खर्च आहे.

दोन विषांची नोंद ठेवा. जुन्या रंगात शिसं असू शकतं. अमेरिकेने घरगुती वापरासाठी ते १९७८ मध्ये बंद केलं. लहान मुलांना त्याचा सर्वाधिक धोका, म्हणून जुना रंग कोरडा खरवडायचा नाही. दुसरं अ‍ॅस्बेस्टॉस: जुने सिमेंटी पत्रे, पाइप, काही फरश्या. ब्रिटनमध्ये त्यावर पूर्ण बंदी आली ती १९९९ मध्ये. तो शाबूत असेल तर सहसा न छेडलेला बरा; भोक पाडलं, फोडलं की तंतू हवेत जातात.

कागद आणि कायदा

मालकी, बोजे, वारस, थकलेला कर आणि पाणीपट्टी, पालिकेच्या नोटिसा, मंजूर नकाशा हे सगळं वकील तपासेल. वकील स्वतःचा ठेवा, दलालाने सुचवलेला नको. मला जास्त बोलायचंय ते भाडेनियंत्रणाबद्दल.

इमारतीत आधीपासून राहणारे भाडेकरू त्यांच्या हक्कांसकट तुमच्याकडे येतात. त्यांचं भाडं कायद्याने गोठवलेलं असेल तर ‘बाजारभावाने एवढं मिळू शकेल’ हा आकडा निरर्थक आहे. आणि कायदा खरेदीनंतरही बदलू शकतो. न्यूयॉर्कमध्ये १९७४ पूर्वी बांधलेल्या, सहा किंवा त्याहून जास्त घरं असलेल्या बऱ्याच इमारती भाडेस्थिरीकरणाखाली येतात, म्हणजे तिथल्या भाडेवाढीवर कायद्याने मर्यादा असते. तिथे अनेकांनी जुना भाडेकरू गेला की भाडं वाढवता येईल या गृहीतकावर चढ्या किमती मोजल्या होत्या, आणि २०१९ च्या कायद्याने त्या वाटा बहुतेक बंद केल्या. बर्लिनने २०२० मध्ये भाड्यावर मर्यादा आणली, आणि जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने ती एप्रिल २०२१ मध्ये रद्द ठरवली. दोन्ही दिशांनी वारं फिरतं. खरेदी आजच्या कायदेशीर भाड्यावर जमली पाहिजे.

जुन्या भाडेकरूंना हुसकावून लावण्यावर उभी असलेली योजना मला मुळातच मान्य नाही, आणि धंदा म्हणूनही ती वाईट आहे. पाणी-वीज तोडणं किंवा कुलूप बदलणं बहुतेक ठिकाणी बेकायदेशीर असतं, खटले वर्षानुवर्षं चालतात, आणि तोवर भाडं थांबलेलं असतं.

विमा घेताना एक अट नीट वाचा: इमारत सलग ३० किंवा ६० दिवस रिकामी राहिली तर संरक्षण कमी होतं, असं अनेक पॉलिसींत लिहिलेलं असतं. दुरुस्तीसाठी इमारत रिकामी ठेवणार असाल तर ही अट तुम्हाला लागू पडेल.

कर्ज

बँका साधारणपणे बघतात की खर्च जाऊन उरलेलं उत्पन्न हप्त्याच्या किमान सव्वापट आहे का. तुम्हीही तीच कसोटी लावा. आपल्या उदाहरणात ५.२ उरतात, म्हणजे वर्षाचा हप्ता ४.१६ च्या वर जाता कामा नये. बदलत्या व्याजदराचं कर्ज असेल तर दर दोन-तीन टक्क्यांनी चढला तरी हप्ता झेपेल का, हे आधीच मांडून बघा. अमेरिकेत मध्यवर्ती बँकेचा दर २०२२ च्या सुरुवातीला शून्याजवळ होता आणि जुलै २०२३ पर्यंत तो ५.२५ ते ५.५ टक्क्यांवर पोचला. सहा महिन्यांचा हप्ता आणि खर्च भागेल इतकी रोकड खरेदीनंतरही शिल्लक राहत नसेल तर लहान इमारत घ्या.

घेतल्यानंतरची दुरुस्ती

क्रम असा: गळती थांबवा, वीज सुरक्षित करा, जिना आणि आगीत बाहेर पडायची वाट मोकळी करा, कुलपं आणि बाहेरचे दिवे नीट करा. स्वयंपाकघराचे ओटे आणि दर्शनी रंग यांची पाळी त्यानंतर. गळती थांबायच्या आधी रंग दिला तर तो पुढच्या पावसात पुन्हा द्यावा लागतो. सगळ्या घरांत एकाच छटेचा रंग, एकाच बनावटीचे नळ, एकाच प्रकारची कुलपं वापरा. दिसायला कंटाळवाणं, पण एका पेटीतल्या सुट्या भागांत सगळी इमारत सांभाळली जाते.

भाडेकरू टिकवणं

नफा मुख्यतः इथे होतो. पाच टक्के भाडेवाढ म्हणजे वर्षाला जेमतेम ०.६ महिन्याचं भाडं. त्या वाढीवरून चांगला भाडेकरू सोडून गेला आणि घर एकच महिना रिकामं राहिलं, तर ते भरून निघायला वाढीव भाड्याचे वीस महिने लागतात. रंगकाम आणि दलाली वेगळीच. म्हणून वाढ दर वर्षी थोडी, आधी सांगून आणि लेखी असावी. पाच वर्षं काही न करता एकदम वाढवण्याने दोन्ही बाजूंचं नुकसान होतं.

भाडं देण्याची तारीख लोकांच्या पगाराच्या तारखेला जोडा. आठवड्याला मजुरी मिळणाऱ्याला दोन हप्त्यांत देऊ द्या. कमाईच्या साधारण ३० टक्क्यांपर्यंत घरभाडं झेपतं हा अमेरिकेतल्या सरकारी गृहयोजनांचा मापदंड आहे. भाडेकरू निवडताना तो उपयोगी पडतो, पण मागच्या मालकाकडे किती वेळेवर भाडं दिलं, ही माहिती त्याहून मोलाची. तीही सध्याच्या मालकाकडून घेऊ नका, त्याच्या आधीच्याकडून घ्या. सध्याच्या मालकाला हा भाडेकरू जावा असं वाटत असेल तर तो त्याची भरभरून स्तुती करेल.

ताबा देताना प्रत्येक खोलीचे फोटो, मीटरचे आकडे आणि सामानाची यादी दोघांच्या सहीने करा. तक्रार आली की त्याच दिवशी निदान उत्तर तरी द्या. ठिबकणाऱ्या नळाबद्दल कळवणारा भाडेकरू तुमचं छत वाचवत असतो. दोनदा दुर्लक्ष झालं की तो कळवणं बंद करतो, आणि मग खालच्या मजल्याचा गिलावा पडल्यावरच तुम्हाला समजतं.

विकायची वेळ येईल तेव्हा

अशा इमारतीला घरगुती गिऱ्हाईक क्वचित मिळतं. ती घेणारा तुमच्यासारखाच गुंतवणूकदार असतो आणि तो तुमच्याकडेही खातेउतारे, करारांच्या प्रती आणि दुरुस्तीची बिलं मागणार. ती पहिल्या महिन्यापासून एका फायलीत तारीखवार लावून ठेवा. विक्रीला काही महिने लागतील असं धरून चाला, आणि ज्या पैशाची तातडीने गरज पडू शकते तो यात घालू नका.